सासूबाईंचा कोरा चहा

आमच्या सासूबाईंना कोरा चहा आवडत नाही, हे म्हणणं फारच मिळमिळीत झालं. "कोरा चहा म्हनजे नको असलेल्या पाहुन्याचा चहा," असं त्यांचं स्पष्ट मत. त्यांचा स्वतःचा चहा म्हणजे निम्म्याहून जास्त दूध, त्यात ठेचलेलं आलं, आणि पातेल्याच्या कडेला साय धरेपर्यंत उकळी. सकाळी तोंड धुतल्यावर तो कप हातात पडला नाही तर घरातल्या कोणाचंच त्या दिवशी काही खरं नसतं. याच बाईंनी माझ्या मुलीसाठी जवळजवळ वर्षभर कोरा चहा प्यायला, तोही कोणी न सांगता. ती हकीकत मला लिहायची आहे.

आम्ही सिल्वासाच्या आमली भागात राहतो. नवरा प्लास्टिकच्या कंपनीत मेंटेनन्सला, मी सुताच्या कंपनीत क्वालिटीला. मी नाशिकची, तो धुळ्याकडचा, आणि दोघांनाही इथे नोकरीने आणून टाकलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा आपल्याकडचा रिवाज, पण माझ्या वडिलांची बायपास नेमकी त्याच सुमाराला निघाली आणि आईचा पाय नाशिकहून निघेना. मी फोनवर रडत होते तेवढ्यात सासूबाईंचा नवऱ्याच्या फोनवर निरोप आला, "विहीनबाईंना सांग, बाळंतपन मी करते, तिकडंच येऊन राहते. काळजी करू नका." आणि आल्या. कपड्यांची एकच पिशवी, बाकी सगळं खाण्याचं. बाजरीचं पीठ, डिंक, अळीव, खारीक, सुंठ, ओवा, बाळंतशेपा. आमचं स्वयंपाकघर दोन दिवसांत किराणा दुकानासारखं दिसायला लागलं.

खरं सांगायचं तर मी धास्तावले होते. आमच्या दोघींचा स्वभाव एकच. दोघींनाही राग पटकन येतो आणि दोघींनाही आपलंच खरं वाटतं. नवऱ्याने तर आधीच जाहीर केलं होतं, "तुमच्या दोघींच्या मध्ये मी पडणार नाही. मला कंपनीत रोज पुरेशा मशिनी भडकलेल्या बघाव्या लागतात."

पण बाळाला हातात घेतलेली ती बाई बघावी. मुलगी पायावर आडवी घेऊन तेल जिरवायला बसल्या की मुलगी रडायची विसरायची. पाणी इतकं बेतानं ओतायच्या की कानात थेंब जात नसे. मी बाजूला बसून बघत राही आणि मनात म्हणे, हे मला जन्मात जमणार नाही. अजूनही जमलेलं नाही.

खाण्याचं मात्र वेगळं होतं. बाळंतिणीनं काय खायचं आणि काय नाही याचा त्यांचा कायदा पक्का होता आणि त्यावर अपील नव्हतं. हरभऱ्याची डाळ नको, वातूळ. वांगं नको. फ्लॉवर, कोबी, बटाटा, वाल, केळं, काकडी, सगळं नको. आई खाते ते अंगावरच्या दुधात उतरतं आणि बाळाच्या पोटात वारा धरतो, असं शास्त्र. वांगं बंद करणं ही खानदेशी माणसाच्या लेखी साधी गोष्ट नाही. त्यांनी ते माझ्याबरोबर स्वतःचंही बंद केलं. "बाळंतिनीसमोर बसून भरीत खायला मी काय कसाई आहे का?"

आणि भरपूर द्यायचं काय, तर दूध. दुधानं दूध वाढतं, हे त्यांचं दुसरं शास्त्र. पिशवीतलं दूध त्यांना पहिल्याच दिवशी नापसंत झालं होतं. "याच्यात बोट बुडवलं तर बोट धुतल्यासारखं होतं." मग त्यांनी चौकशी करकरून जवळच्या रांधा गावाहून मोटारसायकलवर म्हशीचं दूध आणणारा एक माणूस शोधून काढला. अळिवाची खीर दुधात, शतावरी दुधातून, खारीक दुधात शिजवलेली, डिंकाचे लाडू तुपात, रात्री हळद घातलेलं दूध आणि दुपारी नुसतंच दूध, "ग्लास हातात आहे तोवर पिऊन टाक" म्हणून. मी मुकाट्याने पीत होते. दूध मला खरंच भरपूर येत होतं, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

महिना-सव्वा महिना झाला आणि मुलीचं पोट बिघडलं. प्यायला घेतलं की थोडं पिऊन झटका दिल्यासारखी तोंड फिरवायची, पाय पोटाशी घ्यायची, लालबुंद होऊन किंचाळायची. शी हिरवट, शेंबडासारखी. सासूबाईंनी ओव्याचा शेक दिला, पोटावर हिंगाचं बोट फिरवलं, आणि मग माझी उलटतपासणी सुरू झाली. काल काय खाल्लंस? परवा? कंपनीतल्या मैत्रिणी आल्या होत्या त्यांनी काय आणलं होतं? ती रडली की आरोपी मी. एकेक पदार्थ ताटातून जायला लागला. तूरडाळ गेली, लसूण गेला, टोमॅटो गेला, शेवटी मुगाची मऊ खिचडी राहिली, आणि अर्थातच दूध. उलट खाणं कमी झालं म्हणून दूध वाढलं.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. नवरा कोपऱ्यावरच्या दुकानातून खमण घेऊन आला होता. नुसती हरभऱ्याची डाळ. मी त्याच्या हातातून पुडा घेतला आणि सासूबाईंच्या समोर, त्यांच्या डोळ्यात बघत, मिरचीसकट खाल्ला. त्यांनी ओव्याचा डबा काढून ओट्यावर ठेवला, आता लागणारच म्हणून. आणि काय नवल, मुलगी त्या रात्री इतर रात्रींपेक्षा काही जास्त रडली नाही. सकाळी त्यांनी डबा परत आत ठेवला. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

हसू फार दिवस टिकलं नाही. लंगोटात एक दिवस लाल दोरा दिसला. रक्ताचा, केसाएवढा बारीक. सासूबाईंनी लंगोट घडी करून पिशवीत घातला, मला म्हणाल्या, "रडू नको, चप्पल घाल," आणि आम्ही रिक्षाने बाळांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरीणबाई पुण्याच्या, शांत. त्यांनी मुलीला तपासलं, वजन केलं. मागच्या वेळेपासून वजन जवळजवळ हललंच नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही काय काय खाता?" माझ्याआधी सासूबाई बोलल्या. वर्ज्य पदार्थांची पूर्ण यादी त्यांनी अभिमानाने सांगितली, आणि मग तितक्याच अभिमानाने, दूध किती नि कसं कसं देते तेही.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजी, तुम्ही एवढं सगळं बंद केलंत, त्यातलं बहुतेक काही बंद करायची गरज नव्हती. हरभरा, वांगं, कोबी यांनी आईला गॅस होईल, पण तो गॅस दुधातून बाळाला जात नाही. जी एक गोष्ट बंद करून बघायला पाहिजे ती तुम्ही तांब्याने पाजताय." म्हशीचं असो की गाईचं, त्या दुधातली प्रथिनं थोडीफार आईच्या दुधात उतरतात, आणि काही थोड्या बाळांच्या आतड्याला ती सोसत नाहीत, असं त्यांनी समजावलं. सगळ्या बाळांचं असं नसतं, पण हिची लक्षणं तशी दिसताहेत. आईनं दूध आणि दुधाचं सगळं सोडायचं, तूपसुद्धा, आणि दोन-तीन आठवडे वाट बघायची. कॅल्शियमची गोळी घ्यायची. "तोवर अंगावरचं पाजत राहा. पुढच्या वेळी वजन वाढलेलं दिसलं तर प्रश्न मिटला. नाही वाढलं, तर मात्र अंगावरचं थांबवून डब्यातलं खास दूध द्यावं लागेल."

अंगावरचं थांबवून. माझ्या कानात तेवढंच राहिलं. ती प्यायला आली की एका हाताची मूठ माझ्या गाऊनच्या बटणाभोवती घट्ट आवळायची. रडून बेजार झाली तरी मूठ सोडायची नाही. ते जाणार या विचाराने माझा जीव कासावीस झाला.

सासूबाईंनी मात्र भलतंच विचारलं. "म्हनजे हिचं दूध वाईट नही?"

"मुळीच नाही. आईचं दूध वाईट नसतं, आजी. बाहेरून त्यात जे येतंय ते हिला चालत नाही, एवढंच."

"नक्की?"

"नक्की."

दारापर्यंत गेल्यावर त्या पुन्हा वळल्या. "पन मग दूध बाधलं म्हनतात ते?" डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "म्हणतात, आजी." बाहेर पुढचे पेशंट खोळंबले होते आणि मला या उलटतपासणीची लाज वाटत होती. रिक्षात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. किलवणी नाका आला, गेला, त्या बाहेर बघत बसलेल्या. मी समजले, बाईंचा अपमान झाला. महिनाभर जिवापाड केलं आणि कोणीतरी सांगितलं की चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. आता घरी गेल्यावर तोफ सुटणार, अशी मी मनाची तयारी केली.

घरी गेल्यावर त्यांनी हातपाय धुतले, तापवलेल्या दुधाचं पातेलं उचललं आणि खालच्या मजल्यावरच्या सुरतेच्या बेनकडे देऊन आल्या. तुपाची बरणी, लाडवांचा डबा, सगळं मागोमाग गेलं. रांध्याच्या दूधवाल्याला फोन लावायला लावला आणि सांगितलं, "भाऊ, तुझं दूध चांगलं आहे, त्याच्यात काही खोट नही. पन उद्यापासून येऊ नको." मग मंडईतून दोन मोठी वांगी आणून त्यांनी गॅसवर भाजायला ठेवली. त्या संध्याकाळी आमच्याकडे भरीत झालं. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, सगळं घालून. मी जेवताना रडले, तिखटाने नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या कपात कोरा चहा. गवती चहा घातलेला, काळा. मी म्हटलं, "आई, तुम्हाला कुठे मनाई आहे? तुम्ही घ्या ना दूध."

"घरात दूध असलं म्हनजे चमचा इकडचा तिकडे होतो. बंद म्हनजे बंद."

पहिला घोट घेतल्यावर त्यांचं तोंड जे झालं ते मला आजही आठवतं. पण कप संपवला. नवऱ्याने दोन दिवस कुरकुर केली, मग तोही कंपनीच्या कँटीनमध्ये पिऊन यायला लागला. अळीमिळी गुपचिळी.

त्या पुढच्या आठवड्यांत मी या बाईंना जे करताना पाहिलं, ते बघून मी त्यांच्या पाया पडायला तयार होते. अख्खं आयुष्य ज्या दुधातुपावर बाळंतिणी उभ्या केल्या ते एका वाक्याने काढून घेतलं, तर दुसरी कोणी असती तर फुगून बसली असती. यांनी कंबर कसली. अळिवाची खीर नारळाच्या दुधात करून बघितली. पहिल्यांदा फुटली, दुसऱ्यांदा जमली. डिंकाचे लाडू शेंगदाण्याच्या तेलात वळले. एक चाखून म्हणाल्या, "कुत्रं बी खानार नही," आणि पुन्हा वेगळ्या मापाने केले. बाजारात डोंगराकडच्या बायका नागली, म्हणजे नाचणी, घेऊन बसतात, ती आणून तिची पेज, तिची भाकरी, वर तिळाची चटणी. बिस्किटाच्या पुड्यात दुधाची पावडर असते हे कळल्यावर तर त्या माझ्या नवऱ्याला घेऊन दुकानात गेल्या आणि एकेक पुडा वाचायला लावला. दुकानदार म्हणाला, "मांजी, लेना है कि परीक्षा लेनी है?" त्या म्हणाल्या, "दोनो."

फरक पडायला लागला. एकदम नाही, हळूहळू. पाय पोटाशी घेणं कमी झालं. लाल दोरा गेला. एक दिवस मुलगी पिता पिता झोपली, पोटभर पिऊन, ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळत. आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो होतो. बाहेर कंपनीचा भोंगा झाला तरी ती हलली नाही. सासूबाई कुजबुजल्या, "अगं बाई, ही तर झोपायला बी जानते."

मग आम्ही धाडस केलं. वडील बायपास होऊन घरी आले होते आणि त्यांनी नातीला पाहिलंच नव्हतं. वजन बघायच्या तारखेला अजून आठवडा होता. आम्ही चौघं गाडीने जव्हार-मोखाड्याच्या रस्त्याने नाशिकला जाऊन आलो. माझ्या आईला मी फोनवर दहादा बजावलं होतं, दूध नको, दही नको, तूप नको. तिनं पाळलंही. चहा कोरा, शिरा तेलात. निघताना तिनं रस्त्याच्या जेवणाचा डबा दिला. घाटात गाडी थांबवून आम्ही जेवलो. पोळ्या इतक्या मऊ, गुळाची बारीक गोडी, बरोबर लसणीची चटणी. सासूबाई म्हणाल्या, "विहीनबाईंच्या हाताला खरंच चव आहे." उरलेल्या घरी आणून आम्ही पुरवून पुरवून खाल्ल्या.

आणि लाल दोरा परत आला.

किंचाळणं परत, पाय पोटाशी परत. मी तर बसलेच. वजनाचा दिवस तोंडावर. तेवढ्यात खालच्या बेन वर आल्या. बाई मनाने सोन्यासारखी, मुलीचं रडणं ऐकून धावत आलेली. मुलीला मांडीवर घेत सहज म्हणाल्या, "बेन, इसको माँ का दूध बाधता है. मेरी नणंद का भी ऐसाच था. डब्बावाला चालू कर दो, छुट्टी."

सासूबाईंनी पोळपाट खाली आपटला. "आमच्या घरात हे बोलायचं नही! दूध बाधतं, दूध बाधतं! कोनी पाहिलं बाधताना? बाईचं दूध काय विष असतं का?" आवाज असा की वरच्या मजल्यावरच्यांनी दार उघडलं. बेन बिचारी मुलीला माझ्याकडे देऊन निघूनच गेली. मी सासूबाईंना चिडलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, पण हे वेगळं होतं.

मग दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं झालं. चहा पावडर हुंगून बघितली, नागलीचं पीठ बघितलं, कॅल्शियमच्या गोळीचं वेष्टन नवऱ्याला वाचायला लावलं. आणि मला पुन्हा, "तू काही खाल्लंस का? खरं सांग."

माझाही तोल गेला. "मी काय खाल्लं ते तुम्हीच वाढलंत! तुम्ही खाल्लं तेच मी खाल्लं!"

ओट्यावर आईचा डबा होता, त्यात शेवटची एक पोळी. सासूबाईंनी ती उचलली, तुकडा मोडला, नाकाशी नेला. तिथेच फरशीवर बसल्या.

"दशमी आहे ही," त्या म्हणाल्या. "दुधात भिजवलेली."

दशमी! प्रवासाला पाण्यात भिजवलेली पोळी द्यायची नाही, ती खराब होते. दुधात भिजवायची, ती टिकते. माझ्या आईच्या आईने हेच केलं, आईनेही केलं. दूध नको म्हणजे पेल्यातलं नको, चहातलं नको, खिरीतलं नको. दशमीतलं दूध हे दूध असतं, हे कोणाच्या डोक्यात येणार? सासूबाईंनी जन्मभर दशम्या केल्या, मी जन्मभर खाल्ल्या, आणि घाटात बसून आम्ही दोघींनी तारीफ करत खाल्ल्या.

मी तिरीमिरीत फोन उचलला. आईला चांगली झापणार होते, दहा वेळा सांगूनसुद्धा म्हणून. सासूबाईंनी उठून फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"विहीनबाईंना एक अक्षर सांगायचं नही. घरात आजारी मानूस, त्यात त्या माउलीनं पहाटे उठून केल्या. पोरीच्या काळजीनं केल्या. अन् मी खाल्ल्या ना? पन्नास वर्षं पीठ मळते मी. माझ्या जिभेला कळायला पाहिजे होतं." मग फोन मला परत देत म्हणाल्या, "आई झाली की पहिला दोष तिचाच, हे बंद करू आपन. निदान आपल्या घरात."

संध्याकाळी त्या खाली जाऊन बेनची माफी मागून आल्या. येताना सुव्याचा, म्हणजे बाळंतशेपेचा, मुखवास घेऊन आल्या, बेननी दिलेला. त्याआधी पुड्यावरचं वाचून घेतलं होतं.

वजनाच्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना दशमीची हकीकत स्वतःच सांगितली, काही न लपवता. डॉक्टरीणबाई उलट खूश झाल्या. दूध बंद केल्यावर बरं वाटलं आणि चुकून पोटात गेल्यावर पुन्हा बिघडलं, म्हणजे आता शंकाच उरली नाही, म्हणाल्या. पण काटा अजून बाकी होता. मुलीला कपडे काढून वजनकाट्यावर ठेवलं. सासूबाई पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, तो वाचत असल्यासारख्या. मलाही आकडा दिसेना, डोळे भरलेले.

"वाढलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छान वाढलंय. पाजत राहा."

माझा जीव भांड्यात पडला. सासूबाई वळल्याच नाहीत. तक्त्याकडे बघत पदराने चेहरा पुसत राहिल्या, बराच वेळ. मी म्हटलं, "आई, ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या, "ऐकलं. नर्सबाईंना विचार, पुन्हा ठेवतात का काट्यावर. मी पाहिलं नही." आणि खरोखर पुन्हा ठेवायला लावलं.

पुढे दिवस सरळ गेले. मुलगी बाळसं धरायला लागली, मी पाजत राहिले, कामावर जायला लागले, आणि सासूबाई आमच्याकडेच राहिल्या. सगळ्या कपांत कोरा चहा. त्यांना तो शेवटपर्यंत आवडला नाही. रोज पहिल्या घोटाला तेच तोंड.

मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या आसपास डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता आईनं थोडं थोडं दूध घेऊन बघावं, बहुतेक मुलं या वयापर्यंत यातून निघतात. मी अर्धा कप दुधाचा चहा घेतला. आम्ही लंगोटाकडे डोळे लावून बसलो. काही नाही. मग पूर्ण कप. मग वाटीभर दही. काही नाही. पोरगी आपली हसत भिंतीला धरून चालत होती.

तेव्हा एका दुपारी सासूबाईंनी स्वतःसाठी चहा टाकला. निम्म्याहून जास्त दूध, आलं, कडेला साय. कप घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि एक घोट घेतला. मला वाटलं आता तोंडावर स्वर्ग दिसणार. त्यांनी कप खाली ठेवला.

"याला मी पाजलं नही," त्या म्हणाल्या. याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. "असाच रडायचा. पाय पोटाशी घ्यायचा. शीमध्ये लाल दिसायचं. सासू म्हने, तुझं दूध बाधतं. वाटीत माझं दूध काढलं अन् त्याच्यात मुंगी सोडली. मुंगी मेली तर दूध विषारी, अशी रीत होती आमच्याकडे. मुंगी मेली. त्या दिवसापासून पोराला माझ्याजवळ दिला नही. शेळीच्या दुधावर वाढवला. अंग दुखायचं, दूध वाहायचं, अन् पोरगा पलीकडच्या खोलीत रडायचा."

मी त्यांच्या शेजारी सरकून बसले.

"अन् तेव्हा मला बी तांब्या-तांब्या म्हशीचं दूध पाजत होते. पहिलटकरीन ना, खाऊ घाला. डॉक्टरीन बोलली त्या दिवशी मला कळलं." रिक्षातली ती गप्प बसलेली बाई मला आता दिसली. "अन् मुंगी दुधात टाकली की बुडनारच ना वं माय! पानी असतं तरी मेली असती. एवढं साधं कोनाला सुचलं नही. मला बी नही. इतकी वर्षं मी धरून चालले, माझं दूध वाईट होतं."

मुलगी चालत आली आणि त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. त्यांनी तिच्या पोटावरून हात फिरवला.

"चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "तुझं बी, माझं बी."

दाराशी नवऱ्याच्या किल्लीचा आवाज झाला. त्यांनी डोळे पुसले, "त्याला सांगू नको," म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला उठल्या. मी सांगितलं नाही. हे लिहिण्याआधी मात्र मी त्यांना विचारलं, कारण लिहिलं की तो वाचणार. त्या म्हणाल्या, "लिही. वाचू दे त्याला. पन मुंगीचं नीट लिही."

तर नीट लिहिते. मुंगी दुधानं मेली नाही, बुडून मेली.